खारी गाठ, कोरडी चव
अमेरिकेत प्रेट्झेलचे माहेरघर म्हणजे पेनसिल्व्हेनिया. जर्मनभाषक स्थलांतरितांनी गाठ मारलेला हा खारा पदार्थ तिथे नेला. १८६१ मध्ये लिटिट्झ गावात ज्युलियस स्टर्जिस यांनी कडक प्रेट्झेलची बेकरी काढली. देशातली ती पहिली व्यावसायिक प्रेट्झेल बेकरी मानतात. १९३०च्या दशकात रेडिंग शहरातल्या एका कंपनीने गाठ मारणारे यंत्र आणले आणि साधे प्रेट्झेल स्वस्त झाले.

घरगुती उद्योगाला मोकळी राहिली ती चव.

म्हणूनच घरून प्रेट्झेल विकणारे अनेक जण पीठ मळतही नाहीत. तयार कडक प्रेट्झेल आणायचे, मोडायचे, तेल आणि मसाला चोळायचा आणि साधारण १२० अंश सेल्सिअसच्या मंद ओव्हनमध्ये अधूनमधून हलवत ठेवायचे. चिवडा करणाऱ्या हातांना हे काम लगेच कळेल. तेलामुळे मसाला चिकटतो, मंद आचेमुळे लसणाची पूड करपून कडू होत नाही.

खरी कसोटी पाण्याची आहे. ताजा लसूण, लिंबाचा रस, मध यांतले पाणी प्रेट्झेल शोषून घेते आणि कुरकुरीतपणा जातो. म्हणून सगळे घटक कोरडे: लसूण-कांद्याची पूड, वाळवलेली शेपू, ताकाची पूड, आंबटपणाला सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगरची पूड. मोहरी-मधाची लोकप्रिय चवसुद्धा पुडींतूनच जुळवावी लागते.

त्यानंतर मीठ. प्रेट्झेलवर खडे मीठ आधीपासूनच असते, बाजारच्या तयार मसाल्यातही ते भरपूर असते. दोन्ही एकत्र आले की शेपू, लसूण काहीच जाणवत नाही. त्यामुळे मिठाविना मसाला स्वतः जुळवणे हीच या कामातली सर्वांत मोलाची मेहनत. प्रमाण चमच्याने न घेता ग्रॅममध्ये तोलून लिहिले, तरच पुढचा घाणा तसाच उतरतो. चाखायचे तेही पूर्ण थंड झाल्यावर, आणि पुन्हा काही दिवसांनी, कारण तेल खवट होऊ लागले तर ते तेव्हाच कळते.

चॉकलेटचे प्रेट्झेल वेगळ्याच शिस्तीचे. गडद चॉकलेट ३१-३२ अंशांवर नीट साधले नाही, तर त्यावर पांढुरके डाग उमटतात.

चव ठरवताना कायदाही पाहावा लागतो. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा लेबलवर नोंदवायचा नववा प्रमुख ॲलर्जीकारक घटक झाला. तीळ, खसखस, कांदा, लसूण यांचे बेगलवरचे मिश्रण प्रेट्झेलवर फार छान लागते. पण एकाच ओव्हनमध्ये सगळे भाजणाऱ्या घरात त्यासाठी वेगळे ट्रे आणि वेगळा दिवस ठेवणे शहाणपणाचे.