दिवा लागतो, पण मोटार उचलत नाही

उमरग्यात लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते. अक्षता पडताना स्टँडवरचा फ्लॅश गप्प राहिला, की पहिला संशय रेडिओ ट्रिगरवर जातो आणि पुढच्या लग्नाआधी नवा ट्रिगर घेतला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. इशारा पोचला का, हे नंतर पाहावे. फ्लॅशमध्ये वेळेत ताकद जमली होती का, हे आधी.

फ्लॅशचा झोत थेट सेलमधून निघत नाही. सेल आतल्या कपॅसिटरला सुमारे 300 व्होल्टपर्यंत भरतात आणि तो क्षणात रिकामा होतो. मोठ्या फ्लॅशच्या एका पूर्ण झोताला साधारण 75 ज्यूल लागतात. 2000 मिलिअँपिअर-अवरच्या चार रिचार्जेबल सेलमध्ये 34 हजारांवर ज्यूल असतात. म्हणजे साठा तोकडा नाही, अडचण उपशाची आहे. कपॅसिटर भरताना काही अँपिअर प्रवाह ओढला जातो आणि जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने त्या ओढीला व्होल्टेज कोसळते. विहिरीवर मोटार असलेल्या शेतकऱ्याला हे नवे नाही: दाब कमी असला की घरातला दिवा लागतो, पण मोटार उचलत नाही. ‘मल्टिमीटरवर सेल पूर्ण दिसतो’ या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. मीटर जवळपास प्रवाह ओढतच नाही. फ्लॅशचा रेडी दिवाही पुरेसा पुरावा नव्हे. अनेक फ्लॅशमध्ये तो कपॅसिटर पूर्ण भरण्याआधीच लागतो. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर ठरते, म्हणून 80 टक्के व्होल्टेजला ऊर्जा 64 टक्केच मिळते आणि फोटो काळवंडतो. शिवाय सलग पूर्ण झोत मारले की तापलेले कित्येक फ्लॅश स्वतःच मंदावतात किंवा थांबतात. मे महिन्याच्या उकाड्यात ही वेळ लवकर येते. तो बिघाड नाही, संरक्षण आहे.

मग घरी नीट चालणारा फ्लॅश मांडवातच का चुकतो? प्रश्न रास्त आहे. बरेच ट्रिगर 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच, आणि माणसांच्या शरीरातले पाणी या लहरी शोषते. गर्दी खरोखर आड येते. पण घरी आपण मांडवातल्या वेगाने फोटोही काढत नाही, हे विसरून चालणार नाही. म्हणून दोन्ही कारणे वेगळी करावीत. ट्रिगर काढून, फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवून त्याचेच टेस्ट बटण मांडवातल्या वेगाने दाबावे. इथेच तो चुकला, तर ट्रिगर निर्दोष सुटला असे नाही, पण त्याच्यावर पैसे घालण्याआधी सेल बदलावेत आणि फ्लॅश थंड होऊ द्यावा. पास झाला, तर चॅनेल बदलावे, रिसिव्हर डोक्यांच्या वर न्यावा, संपर्काच्या पट्ट्या पुसाव्यात. एका वेळी एकच. आणि सेलवर खरेदीचा महिना लिहून चौघांचा संच कायम एकत्र ठेवावा. बहुतेक फ्लॅशमध्ये ते एकामागोमाग जोडलेले असतात; एक थकला की बाकीचे तीन नवे असूनही उपयोग होत नाही.