ग्रंथपालांचे नवे रजिस्टर



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वाचनालयाचा आहे, आणि त्याला कारण आपणच आहात. मागच्या गटसभेत तोडणीच्या प्रश्नाआधी हाच प्रश्न निघाला. आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावच्या वाचनालयात पुस्तकांची नोंद आता इंटरनेटवर होऊ लागली आहे. "चांगली रजिस्टरं असताना हे कशाला?" असे एका सभासदाने विचारले. दुसऱ्याने विचारले, "मग आमच्या अण्णांचं काय?" अण्णा म्हणजे तेथील ग्रंथपाल. साठीला टेकलेले, आणि आजवर शाईच्या पेनाने नोंदी केलेले. त्यांच्याजवळ बसून आम्ही दोन रविवार हे काम पाहिले. जे समजले ते सांगतो.

प्रथम प्रोग्रॅमची जात सांगतो, कारण बेणे कुठले हे पाहिल्याशिवाय आपण लागण करीत नाही. त्याचे नाव 'कोहा'. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा भाग आहे. भाजीपाला पिकविणारा मुलूख, मोठे गाव म्हटले तर लेव्हिन. तेथील सार्वजनिक वाचनालयाचा जुना प्रोग्रॅम सन २००० उजाडताच तारखांच्या घोळात बंद पडणार, असे दिसू लागले. वाचनालयाने १९९९ साली एका छोट्या कंपनीला गाठून स्वतःच्या गरजेपुरता नवा प्रोग्रॅम करवून घेतला. शाखांना साध्या टेलिफोनच्या तारेवरून जोडणी मिळावी, अशी त्याची बांधणी होती. जानेवारी २००० मध्ये तो चालू झाला. मग या मंडळींनी तो कपाटात न ठेवता जगाला वापरायला खुला केला. ज्याला हवा त्याने घ्यावा, सुधारावा आणि सुधारलेला पुढे द्यावा, अशी अट.

'कोहा' हा तिकडच्या माओरी लोकांचा शब्द. पाहुण्याने यजमानाकडे नेलेली भेट, आणि ती घेतली की पुढे कधीतरी आपणही द्यायची. आपल्याकडे सावड म्हणतात तेच. आज तुझ्या रानात माझी बैलजोडी, उद्या माझ्या रानात तुझी.

फुकट मिळालेल्या वस्तूला कुणी विचारत नाही, असे समजू नका. २०११ साली एका अमेरिकन कंपनीने हे नावच न्यूझीलंडमध्ये आपल्या मालकीचे करून घेण्याचा प्रयत्न केला आणि तिच्या अर्जाला प्राथमिक मान्यताही मिळाली. होरोव्हेनुआच्या वाचनालयाने हरकत घेतली, ठिकठिकाणच्या लोकांनी मदत पाठवली आणि २०१३ साली तो अर्ज फेटाळला गेला. सहकारात वाढलेल्या माणसाला यातली धास्ती वेगळी समजावून सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काम. जुन्या रजिस्टरात एक पुस्तक म्हणजे एक ओळ. कोह्यात प्रत्येक पुस्तकाला एक नमुना भरावा लागतो आणि त्यातील रकान्यांना जगभर ठरलेले नंबर आहेत. लेखकाचे नाव १०० मध्ये, पुस्तकाचे नाव २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये. आपल्या गाव नमुना सात आणि बारासारखेच समजा. नमुना सर्वत्र एकच असल्यामुळे दुसऱ्या ग्रंथालयाने केलेली नोंद उचलून आपल्याकडे घेता येते. इंग्रजी पुस्तकांचे हे काम भराभर होते. जुन्या मराठी पुस्तकांची तयार नोंद मात्र बहुधा सापडत नाही, ती हातानेच करावी लागते.

खरी अडचण इथेच आली. मागे कधीतरी वाचनालयाने अर्ध्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर टाइप करून घेतली होती. ती उघडली तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांची रीत अशी की, यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षर ठेवायचे आणि पडद्यावर त्याला मराठी अक्षराचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. आता युनिकोड नावाच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला जणू जगभर एकच गट नंबर आहे. 'क' चा २३२५, ऱ्हस्व 'उ' चा २३१३, दीर्घ 'ऊ' चा २३१४. त्यामुळे नोंद कुठल्याही यंत्रावर वाचता येते. पण यंत्र नंबर पाहते, अर्थ पाहत नाही. नोंदीत 'ऊस' असेल आणि शोधणाऱ्याने 'उस' लिहिले, तर ते बेधडक सांगते की पुस्तक नाही!

सातबारा संगणकावर गेला तेव्हा नावातल्या एका काना-मात्रेसाठी कलम १५५ चे अर्ज घेऊन आपण तहसीलला किती हेलपाटे घातले, ते आठवा. अण्णांनी ते पाहिले आहे. म्हणून ते लेखकाचे नाव एकदा ठरवतात आणि सगळीकडे तसेच ठेवतात. आडनाव आधी, मग नाव. इन्स्क्रिप्टच्या कळफलकावर त्यांचा हात अजून बसलेला नाही. जोडाक्षर आले की मान खाली घालून कळ शोधतात. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच-सहा पुस्तके होत. "म्हातारपणी बाराखडी गिरवतोय," म्हणून स्वतःच हसतात. पण चूक सोडत नाहीत.

आम्हाला सर्वात मोलाचा वाटला तो ६५० चा रकाना. आम्ही बसलो असताना एक शेतकरी आले नि म्हणाले, "खोडव्यातलं पाचट कुजवायचं काय लिहिलेलं हाय का?" यंत्रात 'पाचट' शोधले तर काही निघाले नाही. अण्णा उठले आणि तिसऱ्या कपाटातून सेंद्रिय खतांवरचे एक पुस्तक काढून दिले. नावात पाचट नाही, ऊसही नाही, आत मात्र एक अख्खे प्रकरण त्यावरच. त्यांनी ते वाचलेले होते. मग बसून त्या पुस्तकाच्या ६५० मध्ये 'ऊस', 'खोडवा', 'पाचट' असे तीन विषय भरले. आता हे पुस्तक अण्णा गावाला गेले असले तरी सापडेल.

सभेतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. कुठल्या कपाटात काय आहे, कुठले प्रकरण कोणाच्या कामाचे, हे आजवर एका माणसाच्या डोक्यात होते. रजिस्टरात ते कधीच नव्हते. अण्णा थकले, की ते त्यांच्याबरोबरच जाणार होते. आपल्या चिटबॉयच्या हाती मोबाईल आला तेव्हा क्षेत्र यंत्राने मोजले, पण बांध कुणाचा आणि लागण कधीची हे तोच सांगत होता. उलट अण्णांची गरज पुढची दोन वर्षे जास्त आहे, आणि त्यांना हाताखाली एक शिकलेले पोर मिळाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाचनालयाच्या कमिटीने याचा विचार करावा.

खर्चाचेही सांगितले पाहिजे. प्रोग्रॅमला किंमत नाही, पण तो जिथे चालतो त्या यंत्राला, विजेला आणि देखभालीला पैसे पडतात. इथे तालुक्याच्या कॉलेजने आपल्या यंत्रावर जागा दिली आहे. तेथील ग्रंथपाल बाई अडलेले सोडवतात. बदल्यात त्यांच्याकडे आलेल्या जुन्या मराठी पोथ्या-पुस्तकांच्या नोंदी अण्णा लावून देतात. सावडच ही. दरमहा सर्व नोंदींची प्रत काढून वाचनालयाच्या स्वतःच्या कपाटात ठेवतात. उद्या जागा बदलली तरी नोंदी आपल्याच राहतात. ही अट त्यांनी पहिल्या दिवशीच घातली, ते फार बरे केले. जुनी रजिस्टरेही रद्दीत जाणार नाहीत. वीज गेली की देवघेव वहीत होते आणि नंतर चढवली जाते.

सभासदांना फायदा असा की, वस्तीवरून निघण्यापूर्वी पुस्तक आत आहे की बाहेर गेले, हे मोबाईलवर दिसेल. खेप वाया जाणार नाही. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी तर आत्ताच पाहायला सुरुवात केली आहे. कोणी काय नेले, हे मात्र ज्याचे त्याला आणि ग्रंथपालांनाच दिसते.

आता एक विनंती. प्रत्येक पुस्तकावर बारकोडची पट्टी चिकटवायची आहे आणि बरीच पुस्तके सभासदांच्या घरी आहेत. काही तर फार वर्षांपासून. गळीत सुरू झाल्यावर कुणालाच सवड नसते. तेव्हा दसऱ्यापूर्वी ती आणून द्यावीत. पान फाटले असले, मुखपृष्ठ गेले असले तरी आणावीत. दंड घेणार नाही, असे अण्णांनी आम्हाला सांगितले आहे. येताना सभासद कार्ड आणि चालू मोबाईल नंबर आणावा. वाचनालय सायंकाळी उघडे असते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते