शॅडोइंग (भाषाशिक्षण)

शॅडोइंग ही नवीन भाषा बोलण्याचा सराव करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत शिकणारी व्यक्ती ध्वनिमुद्रित संभाषण किंवा निवेदन ऐकत असतानाच, ते न थांबवता, ऐकलेले शब्द क्षणभराच्या अंतराने मोठ्याने उच्चारते. मूळ आवाजामागून सावलीसारखा आपला आवाज जातो, म्हणून हे नाव पडले. वाक्य पूर्ण ऐकून मग ते पुन्हा म्हणण्याच्या रूढ सरावाहून ही पद्धत भिन्न आहे. शिक्षक किंवा सोबती नसतानाही करता येत असल्याने घरी एकट्याने भाषा शिकणारे लोक तिचा वापर करतात.

इतिहास

शॅडोइंगचा उपयोग प्रथम अवधानाच्या अभ्यासात झाला. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींच्या दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवले जात व त्यांपैकी एक संदेश त्यांना ऐकता ऐकता मोठ्याने म्हणावा लागे. पुढे दुभाष्यांच्या प्रशिक्षणातही या पद्धतीचा समावेश झाला. जपानमधील इंग्रजी अध्यापनात तिचा बराच प्रसार झाला आहे. अमेरिकन बहुभाषाविद अलेक्झांडर आर्ग्वेयेस यांनी स्वयंअध्ययन करणाऱ्यांमध्ये ती लोकप्रिय केली. ताठ चालत, स्पष्ट व मोठ्या आवाजात सराव करावा, असे ते सुचवतात.

विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, काही व्यक्ती आपल्या मातृभाषेतील मजकूर सुमारे पाव सेकंदाच्या अंतराने म्हणू शकतात आणि त्यांच्या चुकासुद्धा सहसा वाक्याच्या व्याकरणाला व अर्थाला धरून असतात. म्हणजेच ही केवळ पोपटपंची नसून ऐकताना अर्थग्रहणही चालू असते.

कार्यपद्धती

सरावासाठी एक-दोन मिनिटांचा, लिखित संहिता उपलब्ध असलेला उतारा निवडतात. तो आधी नुसता ऐकून व वाचून अर्थ समजून घेतला जातो. त्यानंतर संहिता पाहत आणि शेवटी न पाहता शॅडोइंग केले जाते. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून मुळाशी ताडून पाहणे उपयुक्त ठरते. कारण बोलताना आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोहोचतो आणि त्यामुळे इतरांना ऐकू येतो त्याहून वेगळा भासतो.

मराठीच्या संदर्भात

लिपीवरून उच्चार पुरता कळत नाही, तेथे ऐकून बोलण्याचे महत्त्व वाढते. मराठीत ‘जग’ (विश्व) यातील ‘ज’ तालव्य, तर ‘जगणे’ या क्रियापदाच्या ‘जग’ या आज्ञार्थी रूपातील ‘ज’ दंततालव्य आहे. ‘चार’ (संख्या) आणि ‘चार’ (‘चारणे’चे आज्ञार्थी रूप) यांतही हाच भेद आहे. लेखनात दोन्ही रूपे सारखीच असल्याने केवळ पुस्तकावरून मराठी शिकणाऱ्याला तो समजत नाही.

याउलट इंग्रजी शिकणाऱ्या मराठी भाषकाला आघाताकडे लक्ष द्यावे लागते. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना आघात पहिल्या अवयवावर, तर क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो.

मर्यादा

शॅडोइंगमध्ये शब्द दुसऱ्याचे असतात. त्यामुळे उच्चार, लय व वेग यांचा सराव होतो, पण स्वतःचे वाक्य रचण्याचा होत नाही. भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार, स्वतः बोलण्याचा प्रयत्न करतानाच आपल्याला काय सांगता येत नाही, याची शिकणाऱ्याला जाणीव होते. म्हणून शॅडोइंगनंतर तोच मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा सराव जोडला जातो.

परक्या भाषेतील ध्वनी मातृभाषेच्या सवयीने ऐकले जात असल्याने काही चुका ध्वनिमुद्रणातही शिकणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत व त्याच दृढ होण्याची शक्यता असते. शिवाय समोरच्याचे अनपेक्षित उत्तर समजून घेऊन प्रतिसाद देण्याची सवय अशा सरावाने लागत नाही. त्यामुळे ही पद्धत प्रत्यक्ष संभाषणाची पूर्वतयारी ठरते, त्याला पर्याय ठरत नाही.