शहर सोडा, पण झाडाच्या चालीने

गडचांदूरमध्ये सिमेंटच्या कारखान्यांवर ज्यांची चूल पेटते अशी कुटुंबे खूप आहेत आणि त्यांत आपली मुस्लिम कुटुंबेही आहेत. कोणी नागपूरहून आले, कोणी यवतमाळहून, कोणी पलीकडच्या आदिलाबादहून. नोकरी संपली की क्वार्टरची किल्ली परत करावी लागते. हातात एकरकमी पैसा येतो आणि घरात चर्चा सुरू होते, आता जायचे कुठे? अलीकडे या प्रश्नाला एक नवे उत्तर ऐकू येते. थोडी जमीन घेऊ, फळझाडे लावू, घरचे खाऊ. नागपूर, पुणे, हैदराबादला नोकरी करणारी तरुण मुलेही आता हेच बोलू लागली आहेत.

आम्ही शाळेत शिकवतो. पालक भेटले की हा विषय हमखास निघतो. इच्छा चांगली आहे. पण निवृत्तीच्या महिन्यात जमीन, पावसाळ्यात पाचशे रोपे आणि दिवाळीपर्यंत शहराला रामराम, असा बेत ऐकला की काळजी वाटते. झाडाला घाई चालत नाही. म्हणून शहर सोडायचे असेल तर झाडाच्याच चालीने सोडावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

अन्नवन म्हणजे काय?

१९७८ साली ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 'पर्माकल्चर' हा शब्द पुस्तकातून जगापुढे आणला. शेताची मांडणी जंगलासारखी करायची, म्हणजे दरवर्षी नव्याने नांगरणी-पेरणीचा खर्च राहत नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हार्ट यांनी थरांथरांची फळबाग उभी केली. त्यांना ही कल्पना सुचली ती केरळमधील घराभोवतीच्या वाड्यांवरून. म्हणजे ही विद्या मुळात आपल्याकडचीच.

आपल्या भागात तर ती समोरच उभी आहे. माणिकगडाच्या डोंगरावर किंवा जिवतीच्या वाटेवर पाहा. वर मोह, बेहडा, जांभूळ. त्याखाली चारोळी, टेंभुर्णी, आवळा, बेल. त्याखाली सीताफळ, बोर. जमिनीवर गवत आणि कंद, अंगावर चढणाऱ्या वेली. या जंगलाला कोणी पाणी देत नाही, खत देत नाही. मोहाचे नाव निघाले की आपल्याकडे दारूच आठवते. पण गोंड आणि कोलाम घरांत मोहफूल वाळवून खाल्ले जाते आणि त्याच्या टोळीचे तेल काढले जाते. झाडाचा दोष नाही, वापर आपल्या हातात आहे.

एका शिक्षकाची वाडी

महाराष्ट्राच्या सीमेला लागून, गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात देहरी नावाचे गाव आहे. तिथले भास्कर सावे (१९२२–२०१५) आधी प्राथमिक शिक्षक होते. त्यांनीही रासायनिक खते वापरून पाहिली. खर्च वाढत गेला, तसे ते नैसर्गिक शेतीकडे वळले. त्यांची 'कल्पवृक्ष' ही १४ एकरांची वाडी नारळ आणि चिकूसाठी जगभर ओळखली गेली. सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये त्यांना जीवनगौरव दिला.

सावे यांच्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. ते झाडांचे तीन गट करत: अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी. भाजी आणि कडधान्य काही महिन्यांत हाती येते. केळी, पपई वर्षभरात. नारळ, चिकू, आंबा यांना बरीच वर्षे लागतात. तिन्ही एकाच जमिनीत एकाच वेळी लावायचे. मोठे झाड वाढेपर्यंत लहान झाड जमीन झाकते आणि घर चालवते. मोठे सावली धरू लागले की लहान आपोआप मागे सरते. ज्या घराला नोकरीतून शेतीत जायचे आहे, त्याने पगाराला अल्पजीवी पीक समजावे. दीर्घजीवी झाड उभे राहण्याआधी ते उपटू नये.

शहरातून आलेल्यांचा अनुभव

सावे मुळात गावचे. शहरातल्या माणसांनी असे काही केले का? केले आहे. १९९४ मध्ये काही शहरी मित्रमंडळींनी मिळून रायगड जिल्ह्यात, नेरळ-कर्जतच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी उजाड झालेली ६४ एकर जमीन घेतली. तिचे नाव वनवाडी. तोड आणि चराई थांबली तसे जुन्या खोडांना फुटवे आले, पक्ष्यांनी बिया आणल्या आणि रान पुन्हा उभे राहिले. शेजारच्या आदिवासी जाणत्यांनी त्या रानातल्या शंभराहून अधिक उपयोगी वनस्पती ओळखून दाखवल्या. त्यांत खाण्याजोग्याही पुष्कळ होत्या. जे आधीच उगवते ते राखणे हे लावण्याइतकेच मोठे काम आहे, हे वनवाडीवरून समजते.

आपल्याच जिल्ह्यातले पाचगावही पाहा. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचे काम गावातच निघाले आणि मजुरीसाठी बाहेर जाणे कमी झाले. तेंदूपाने तोडताना झाडांची छाटणी होते, म्हणून ते उत्पन्न ग्रामसभेने स्वतःहून सोडले. राखलेले जंगल माणसाला गावात ठेवू शकते, याचा यापेक्षा जवळचा दाखला नाही.

पहिली दहा वर्षे

पहिल्या वर्षी जमीन घेऊच नये. क्वार्टरच्या मागच्या सांदवाडीत किंवा गच्चीवर शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, दोडका, वाल लावावे. स्वयंपाकघरातला ओला कचरा खतात जावा. शहर सोडण्याची सुरुवात माणसाने नव्हे, घरच्या भाजीने करावी. वर्षभर एवढे जमले नाही, तर एकरही जमणार नाही.

दुसऱ्या वर्षी, जमीन मिळाली तर ती राहत्या घरापासून १५–२० किलोमीटरच्या आत असावी. पहिला पावसाळा फक्त पाणी पाहण्यात घालवावा. कुठे साचते, कुठून वाहून जाते? त्याप्रमाणे चर, धुरे आणि जमल्यास शेततळे. कडेने करवंद, सागरगोटा, मेंदीचे कुंपण. आतमध्ये तूर आणि अंबाडी. आपली काळी कापसाची जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यात लावलेले रोप त्यात सडते, म्हणून उंचवट्यावर लावावे.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेवगा, हादगा, गिरिपुष्प, एरंड ही लवकर वाढणारी झाडे आधी. त्यांच्या सावलीत आंबा, आवळा, सीताफळ, जांभूळ, चारोळी. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून रोपाचे पहिले दोन उन्हाळे निर्णायक. ५० रोपांना प्रत्येकी १० लिटर म्हणजे एका फेरीला ५०० लिटर पाणी. तेच ५०० रोपांना ५,००० लिटर, म्हणजे टँकर. पन्नासच लावा, पण जगवा. बुडाशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि शेजारी पुरलेले मातीचे मडके, एवढ्याने पाण्याची मोठी बचत होते.

पाचव्या वर्षापासून कलमी झाडे फळ धरू लागतात. तेव्हा तिथे एक खोली बांधावी आणि सुटीत कुटुंबाने राहून पाहावे. घरातल्या बायकांचे मत इथे मोलाचे आहे. पाणी किती लांब, शौचालय आहे का, रात्री दवाखाना कुठे, मुलीचे कॉलेज आणि मुलांचा मकतब कसा? जंगलालगत रानडुक्कर आणि रोही असतात, आणि आपल्या जिल्ह्यात वाघही. या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर, आठव्या-दहाव्या वर्षी, सामान हलवावे.

जमीन कोणाची?

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाही तर परवानगी लागते. आधी आपल्या वाडवडिलांच्या सातबाऱ्यावर नाव आहे का ते पाहावे. कोरपना-जिवतीकडे स्वस्त म्हणून दाखवली जाणारी जमीन अनेकदा आदिवासींची असते. जमीन महसूल संहितेतील कलम ३६ आणि ३६-अ नुसार ती परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. कोऱ्या कागदावरचा करार किंवा दुसऱ्याच्या नावावरची खरेदी हा कायद्याचा भंग तर आहेच, दुबळ्याचा हक्क मारणेही आहे. अशा जमिनीवर लावलेल्या झाडात बरकत कुठून येणार? 'झुडपी जंगल' अशी नोंद असेल तर तिकडेही वळू नये. अशा जमिनी वनजमीन मानाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आहे.

दीन काय सांगतो?

झाड लावण्याचे मोल आपल्या दीनमध्ये फार मोठे आहे. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, हा आशय बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आहे. हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या गुलामीतून सुटकेसाठी खजुराची तीनशे रोपे लावायची होती. सहाबांनी ज्याला जमतील तेवढी रोपे आणून दिली आणि प्रेषितांनी (स.) ती आपल्या हातांनी लावली. बाग एकट्याच्या बळावर उभी राहत नाही, हेही यातून दिसते.

व्यवहारातही दीन आपल्याला सावकाश चालायला लावतो. व्याजाचे कर्ज काढून दहा एकर घेण्यापेक्षा बचतीतून एक एकर बरा. शहरातल्या भावा-बहिणींनी मिळून जमीन राखायची असेल तर मुसाकातचा मार्ग आहे. एकाची बाग, दुसऱ्याची मेहनत आणि फळात ठरलेला हिस्सा. खैबरच्या बागा प्रेषितांनी (स.) निम्म्या उत्पन्नाच्या बोलीवर तिथल्याच लोकांकडे ठेवल्या होत्या. करार मात्र लेखी असावा. पावसावर पिकलेल्यात दहावा आणि स्वतः पाणी देऊन पिकवलेल्यात विसावा हिस्सा उश्र म्हणून काढावा लागतो. तपशील मुफ्ती साहेबांना विचारावा.

आणि मुलींचा वाटा! आपण गेल्यानंतर वारसाहक्काने जमीन वाटली जाणार. बागेचे तुकडे नकोत म्हणून मुलींकडून हक्कसोड लिहून घेण्याची वाईट रीत आपल्यातही शिरली आहे. त्याऐवजी सर्वांची नावे सातबाऱ्यावर राहू द्यावीत आणि फळ वाटून घ्यावे. आंब्याचे झाड कापून वाटता येत नाही, आंबे मात्र वाटता येतात.

निवृत्तीला दहा वर्षे उरलेली असतील, तर हीच वेळ. येत्या पावसात अंगणात एक शेवगा लावा. इन्शाअल्लाह, नोकरी संपेल तेव्हा किल्ली परत करताना हात थरथरणार नाही. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रिज्क आणि हिरवी सावली देवो. आमीन.