नवरा जर्मनीत, बायको गावाकडे: तिला तिकडे नेताना आरोग्य विम्याचं काय करायचं?

पोराला जर्मनीत नोकरी लागली की गावात पेढे वाटले जातात. वर्ष-दीड वर्षात लग्न होतं, पोरगा सुट्टी संपवून परत जातो आणि सूनबाई व्हिसाची वाट बघत घरी थांबते. मग घरात चर्चा कशाची? तिकीट किती, थंडीचे कपडे कुठून घ्यायचे, मसाला किती न्यायचा. दवाखान्याचा विषय निघतो तो व्हिसाच्या कागदांत विमा मागितला म्हणून. तेव्हा ओळखीचा एजंट एक ट्रॅव्हल पॉलिसी काढून देतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम.

तेवढ्यावर काम होत नाही. बायकोच्या विम्याचा खरा निर्णय नवऱ्याने नोकरीवर हजर होताना घेतलेला असतो, बऱ्याच वेळा लग्न ठरायच्याही आधी.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी जर्मनीची चर्चा तालुक्या-तालुक्यात पोचली आहे. आयटीवाली मुलं तर आधीपासून जातातच. त्यामुळे हे समजून घ्या.

जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि त्याचे दोन रस्ते आहेत. पहिला कायद्याने चालणारा. आपली मुलं त्याला बोलताना ‘सरकारी’ म्हणतात. तो सांभाळणाऱ्या संस्थांना क्रांकेनकासे म्हणतात. टेके, आओके, बार्मर ही त्यातली मोठी नावं. दुसरा रस्ता खाजगी कंपनीचा.

सरकारी पद्धतीत हप्ता पगारावर ठरतो, माणसं किती यावर नाही. 2025 साली हा हप्ता पगाराच्या 14.6 टक्के आणि वर सरासरी 2.5 टक्के असा होता. त्यातला अर्धा मालक भरतो. समजा महिन्याचा पगार 3,500 युरो आहे, तर पोराच्या वाट्याला साधारण 300 युरो येतात. म्हातारपणी लागणाऱ्या शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता वेगळा कापतात. आता बायको आली तरी आरोग्य विम्याचा हप्ता 300 च. पोरं झाली तरी 300 च. घरातल्या माणसांना फुकट सामील करून घेण्याच्या या सोयीला तिकडे फामिलिएन-फरझिखरुंग म्हणतात, म्हणजे कुटुंब विमा. बायकोला बीपी आहे का, शुगर आहे का, आधी ऑपरेशन झालंय का, याची चौकशी करून तिला नाकारता येत नाही.

अट आहे ती तिच्या कमाईची. 2025 साली ही मर्यादा महिन्याला 535 युरो होती आणि मिनीजॉब म्हणतात तसलं छोटं काम करत असेल तर 556. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचा आकडा क्रांकेनकासेला विचारा. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बायकोच्या नावावर इकडे गाळा असेल आणि भाडं येत असेल, तर तेही फॉर्मवर लिहावं लागतं. एक युरो साधारण 100 रुपये धरला तर मर्यादा पन्नास हजारांच्या वर जाते, म्हणून बहुतेकांना अडचण येत नाही. पण लपवू नका. तिला पुढे नीट नोकरी लागली की तिचा स्वतःचा विमा सुरू होतो.

खाजगीचं गणित कुठं फसतं

पगार एका मर्यादेच्या वर असेल तरच नोकरदाराला खाजगी विमा घेता येतो. 2025 साली ही मर्यादा वर्षाला 73,800 युरो होती. त्यामुळे नर्सिंग किंवा कारागिरीच्या कामावर गेलेली बहुतेक मुलं आपोआप सरकारीतच असतात. प्रश्न जास्त पगारवाल्यांचा आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या धडधाकट, एकट्या पोराला खाजगी हप्ता स्वस्त पडतो. डॉक्टरची वेळ लवकर मिळते, हॉस्पिटलात वेगळी खोली मिळते. एजंट हेच सांगतो.

लग्न झाल्यावर चित्र बदलतं. खाजगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा: बायकोचा एक, पोराचा एक. बायकोच्या तब्येतीची चौकशी होते, जुना आजार असला तर हप्ता वाढतो किंवा कंपनी नाहीच म्हणते. आणि भारतातून थेट आलेल्या, नोकरी नसलेल्या बायकोला एकटीने सरकारी पद्धतीत शिरायला वाट जवळजवळ नसते. नवऱ्यालाही पगार मर्यादेच्या वर असेपर्यंत परत फिरणं अवघड, आणि वयाच्या 55 नंतर जवळपास अशक्य. आमचं मत विचाराल तर ज्याला दोन-चार वर्षांत संसार तिकडे न्यायचा आहे, त्याने सरकारी सोडू नये.

मधले दिवस आणि बाळंतपण

व्हिसासाठी विमानातून उतरल्या दिवसापासूनचा विमा दाखवावा लागतो. त्यासाठी ट्रॅव्हल पॉलिसी घेतात ते बरोबरच. पण ती अचानक आलेल्या दुखण्यासाठी असते. नेहमीची तपासणी, जुना आजार, बाळंतपण यांचा खर्च सहसा त्यात बसत नाही. सूनबाई गरोदर असेल तर हे आधी वाचा.

म्हणून नवऱ्याने ती निघण्याआधीच क्रांकेनकासेला कळवून फॉर्म मागवून ठेवावा. ती पोचल्यावर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची आणि फॉर्मसोबत लग्नाचा दाखला द्यायचा. कार्ड फोटो लावून टपालाने येतं, त्याला काही आठवडे लागू शकतात. पण अटी पूर्ण असतील तर हक्क ती तिथं राहायला आल्या दिवसापासून धरला जातो. मध्येच डॉक्टरकडे जायची वेळ आली तर क्रांकेनकासेकडून विमा असल्याचा तात्पुरता कागद मागवता येतो. तातडीला 112 वर फोन करायचा. रात्री-अपरात्री साधं दुखणं असेल तर 116117.

कुटुंब विम्यात बाळंतपणासाठी थांबण्याचा काळ नाही. चौथा महिना चालू असताना गेली तरी पुढच्या तपासण्या, दाई, प्रसूती हे सगळं त्यात येतं. इतर वेळी चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे साधारण 5 ते 10 युरो आणि हॉस्पिटलला दिवसाला 10 युरो आपल्या खिशातून जातात. गरोदरपणाच्या औषधोपचाराला तेही नाही.

दाखल्याचं बोललो म्हणून सांगतो. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहून घ्या. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, दाखल्यावर सासरचं, मधलं नाव एकीकडे वडिलांचं आणि दुसरीकडे नवऱ्याचं, असं झालं की व्हिसापासून विम्यापर्यंत प्रत्येक टेबलावर अडतं. जर्मन भाषांतरही लागू शकतं, ते आधी विचारून ठेवा.

इकडची पॉलिसी मात्र घाईने बंद करू नका. नवी घेतली तर जुन्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि परत यायचं झालं तर तिकडचा विमा संपलेला असतो. महात्मा फुले योजनेचं 5 लाखांचं संरक्षण किंवा आयुष्मान कार्ड जर्मनीतल्या दवाखान्यात चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

राहिली आई. बाळंतपणाला आई किंवा सासूबाई जाणारच. त्या कुटुंब विम्यात बसत नाहीत, पोराने कितीही विचारलं तरी. त्यांचा व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा आणि त्याला किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. वय साठीच्या पुढे असेल आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर पॉलिसी घेताना ते स्पष्ट सांगा आणि जुन्या आजाराचा झटका आला तर खर्च मिळतो का, ते लेखी घ्या. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्या, सोबत डॉक्टरची इंग्रजीतली चिठ्ठी.