अ‍ॅपच्या स्क्रीनवरून दर आणि बटण गायब का होतात?

समजा, दिवेआगरमधल्या एका ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’वाल्या काकांसाठी आपण बुकिंगचं अ‍ॅप करतोय. एका ओळीत खोलीचं नाव आणि दर, खाली बाकी माहिती, सगळ्यात शेवटी ‘बुकिंग पक्कं करा’ हे बटण. आपल्या फोनवर सगळं नीट दिसतं. पण काकांनी फोनची अक्षरं मोठी करून ठेवलीत. अँड्रॉइड 14 पासून ती 200 टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. त्यांच्याकडे दर गायब आणि बटण स्क्रीनच्या खाली! शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक अशानं हातचं जाऊ शकतं.

असं का होतं, ते बघूया.

जागा कोणाला आधी मिळते?

जेटपॅक कंपोजमध्ये आडव्या मांडणीला ‘रो’ आणि उभ्या मांडणीला ‘कॉलम’ वापरतात. रो आपल्यातले घटक क्रमाने मोजतो. ‘नारळ-सुपारीच्या वाडीतली एसी खोली’ हे नाव आधी आलं की ते सगळी रुंदी घेऊन बसतं. मागच्या दराला उरतं शून्य.

यावर उपाय म्हणजे नावाला ‘वेट’ 1 द्यायचं. वेट नसलेले घटक आधी मोजले जातात आणि उरलेली जागा वेटवाल्याला मिळते. म्हणजे दराची जागा पक्की, आणि लांब नाव दुसऱ्या ओळीत जातं. जुन्या एक्सएमएल पद्धतीतही हेच: लिनियरलेआउटमध्ये रुंदी 0 डीपी, वेट 1.

बटणाचंही तसंच. कॉलममध्ये वरच्या माहितीला वेट आणि स्क्रोल द्या, बटण त्याच्या बाहेर खाली ठेवा. माहिती कितीही वाढली तरी बटण दिसतच राहतं.

डीपी आणि एसपी

160 डीपीआयच्या स्क्रीनवर 1 डीपी म्हणजे 1 पिक्सेल, 480 डीपीआयवर 3 पिक्सेल. बटणं, अंतरं डीपीत द्यायची. अक्षरं मात्र एसपीत, कारण एसपी वापरणाऱ्याच्या फॉन्ट सेटिंगप्रमाणे बदलतं.

आता बटणाची उंची 40 डीपी अशी ठाम दिली, तर आतली अक्षरं वाढतात, बटण वाढत नाही. मराठीत हे जास्त जाणवतं. ‘पार्किंग’ शब्दात रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात, तर ‘सुरू’मधल्या ‘सु’चा उकार खाली लोंबतो. जागा कमी पडली की आधी तेच कापले जातात. म्हणून किमान उंची 48 डीपी द्या, कमाल उंची मोकळी सोडा. बोटानं दाबायलाही 48 डीपी सोयीचं पडतं.

अ‍ॅप देण्याआधी

प्रिव्ह्यूमध्ये ‘फॉन्टस्केल’ 2 करा, भाषा मराठी ठेवा आणि यादीतलं सगळ्यात लांब नाव टाकून बघा. दर आणि बटण दोन्ही दिसले, तरच ते अ‍ॅप काकांच्या हातात द्या.