सी-नव्वदच्या दोन बाजू

जेथ्रो टल या इंग्लिश रॉक बँडचा सर्वांत चांगला अल्बम कोणता आणि सर्वांत फसलेला कोणता, हा वाद आमच्या कंपूत नव्वदच्या दशकापासून धुमसतो आहे. कंपू अस्सल मध्य रेल्वेचा. काही ठाण्याच्या नौपाड्यातले, काही डोंबिवली पूर्वेचे आणि एक कल्याणचा, जो जलद लोकलमध्ये बाकीच्यांसाठी दाराजवळची जागा धरून ठेवायचा. पिंक फ्लॉइडवरून आमच्यात फार कधी पेटलं नाही. तिथे वॉटर्सवाले आणि गिल्मोरवाले अशा फळ्या जगभर ठरलेल्याच आहेत, आपण एकीत जाऊन उभं राहायचं. टलचं तसं नाही. १९६८पासून वीसहून अधिक स्टुडिओ अल्बम. ब्लूज, इंग्लिश लोकसंगीत, हार्ड रॉक, सिंथेसायझर, पूर्वेकडे झुकणारी बासरी. प्रत्येक वळणावर काही चाहते कायमचे रुसले आणि काही नवे आले.

वादातला ठरीव भाग पटकन उरकतो. 'अ‍ॅक्वालंग' (१९७१) सगळ्यांनाच आवडतो, त्यामुळे त्यावर भांडण होत नाही. 'अंडर रॅप्स' (१९८४) जवळजवळ कुणालाच आवडत नाही. हाडामांसाच्या ड्रमरच्या जागी ड्रम मशीन आलं, आणि त्यानंतरच्या दौऱ्यात गायक-बासरीवादक इयन अँडरसनचा गळा असा बिघडला की पुढचा अल्बम यायला १९८७ उजाडलं. तो पुढचा, 'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह', मेटालिकाला मागे टाकून १९८९ साली ग्रॅमी घेऊन गेला, ही गोष्ट प्रत्येक रॉकवेड्याला पाठ आहे. खरी लढाई दोन अल्बमांची: 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२) आणि 'अ पॅशन प्ले' (१९७३). दोन्हींत अल्बमभर पसरलेलं एकच गाणं. दोन्ही अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. तरीही पहिल्याला देव्हारा मिळाला आणि दुसऱ्याच्या वाट्याला शिव्या आल्या. असं का झालं, हे नीट शोधायचं माझ्या मनात फार वर्षं होतं. जुन्या मुलाखती, नव्या आवृत्त्यांसोबत आलेल्या पुस्तिका, मित्रांच्या माळ्यावरच्या कॅसेटी, जे हाती लागलं ते उपसत गेलो, आणि लक्षात आलं की आमच्या भांडणात संगीताइतकाच कॅसेटचाही हात होता.

आमच्याकडे हे दोन्ही अल्बम बहुधा एकाच कॅसेटवरून आले. 'ब्रिक'ची लांबी ४३ मिनिटं ४६ सेकंद, 'पॅशन प्ले'ची ४५ मिनिटं ५ सेकंद. सी-नव्वद कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. असा जोडा जुळल्यावर दुसरा विचार कोण करणार? कुणाकडे तरी एलपी असायची, त्यावरून एकजण डेकवर उतरवून घ्यायचा, त्याच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. डोंबिवलीला पोचेस्तोवर झांजांचा नुसता सरसराट उरलेला असायचा. इनले कार्डावर निळ्या बॉलपेनने दोन नावं: ए बाजूला 'ब्रिक', बी बाजूला 'पॅशन प्ले'. कॅसेट कंपन्या फीत थोडी जास्त घालत, पण रेकॉर्डचं बटण दाबल्यापासून सुई टेकेपर्यंत आणि मध्ये एलपी उलटताना काही क्षण जायचेच. 'पॅशन प्ले'ची रचना वर्तुळाकार आहे, सुरुवातीचं संगीत अखेरीला पुन्हा येतं. कितीतरी प्रतींवर नेमकं तिथेच खट् असा आवाज होऊन फीत संपायची. 'हा अल्बम कुठेच पोचत नाही,' असं जो मित्र तावातावाने सांगायचा, त्याच्या कॅसेटवर तो खरोखरच कुठे पोचत नव्हता.

ए बाजूचं नुकसान मात्र याहून मोठं होतं, आणि ते आम्हाला कळलं ते नौपाड्यात, एका मित्राच्या काकांकडे. काका बोटीवर नोकरी केलेले. त्यांच्याकडे 'ब्रिक'ची विलायतेत घेतलेली एलपी होती. कव्हर पुढून पाहिलं तर वर्तमानपत्राचं पहिलं पान. उघडलं तर आत आणखी पानं, एकूण बारा.

"गाणं नंतर लावू," काका म्हणाले. "आधी पेपर वाचा."

'सेंट क्लीव्ह क्रॉनिकल अँड लिनवेल अ‍ॅडव्हर्टायझर', ७ जानेवारी १९७२चा अंक. अस्तित्वात नसलेल्या गावाचं अस्तित्वात नसलेलं वर्तमानपत्र. पहिल्या पानावर ठळक बातमी: जेराल्ड बोस्टॉक या आठ वर्षांच्या मुलाला काव्यस्पर्धेत मिळालेलं बक्षीस काढून घेतलं, कारण त्याची कविता दूरचित्रवाणीवर वाचली गेल्यावर लोक खवळले. बक्षीस गेलं ते ख्रिस्ती सदाचारावर निबंध लिहिणाऱ्या मुलीला. आत छोट्या जाहिराती, राशिभविष्य, शब्दकोडं, ठिपके जोडून पुरं करायचं चित्र, खेळाचं पान. एका कोपऱ्यात चक्क याच अल्बमचं परीक्षण, ज्युलियन स्टोन-मेसन या नावाने छापलेलं. लिहिणारा अर्थात अँडरसनच. मजकुराचं बरंचसं काम त्याने, बासवादक जेफ्री हॅमंडने आणि कीबोर्डवाल्या जॉन इव्हनने मिळून केलं. मांडणी केली क्रिसॅलिस या रेकॉर्ड कंपनीतल्या रॉय एल्ड्रिजने, जो पूर्वी स्वतः पत्रकार होता. संगीतापेक्षा कव्हरलाच जास्त वेळ लागला, असं अँडरसन नेहमी सांगत आला आहे.

'ठाणे वैभव' वाचत वाढलेल्या माणसाला हा पेपर समजावून सांगावा लागत नाही. मंडळाची वार्षिक सभा, कुणाचा तरी सत्कार, कुणाची तरी तक्रार, बक्षीस समारंभातली धुसफूस. आपल्या गावाच्या पेपरात जे असतं ते सगळं तिथे आहे, आणि गावाच्या पेपरावर माया असलेल्या माणसानेच ते लिहिलं आहे, हे प्रत्येक ओळीत जाणवतं. समीक्षकांनी 'अ‍ॅक्वालंग'ला संकल्पना-अल्बम म्हटल्याचा अँडरसनला राग होता. त्याचं उत्तर म्हणून त्याने सगळ्या संकल्पना-अल्बमांची नक्कल होईल असा एक अजस्र अल्बम रचला, आणि त्याचं काव्य एका आठ वर्षांच्या पोराच्या नावावर खपवलं. थट्टेची किल्ली त्या बारा पानांत होती. पेपर नसेल तर 'ब्रिक' हे एक गंभीर, गूढ महाकाव्य वाटतं. कॅसेटवर पेपर येत नाही. आमच्यातले कितीतरीजण जेराल्ड बोस्टॉक नावाचा मुलगा खरोखर होता, असं मानून त्या काव्याचा अन्वय लावत बसायचे. म्हणजे आमच्या भागात 'ब्रिक' सर्वश्रेष्ठ ठरला तो जे त्यात नव्हतंच त्यासाठी.

'पॅशन प्ले'वर येण्याआधी तो कशातून निघाला हे सांगायला हवं. १९७२ साली टलने फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या शातो द'एरुव्हिल या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत मुक्काम ठोकला. इंग्लंडातल्या जबर करापासून सुटावं हा एक हेतू होता. तिथे यंत्रं धड चालेनात, मंडळी आजारी पडली, घरची ओढ लागली. एका दुहेरी अल्बमाचा बराच भाग ध्वनिमुद्रित झाला होता. तो तिथेच टाकून सगळे परतले आणि लंडनमध्ये पुन्हा आरंभापासून उभं राहून थोड्या अवधीत 'पॅशन प्ले' केला. टाकलेल्या फितींना बँडने स्वतःच 'शातो दिझास्टर' असं नाव पाडलं. त्यातला काही भाग १९९३च्या 'नाइटकॅप'मध्ये आला, आणि पुढे २०१४ साली स्टीव्हन विल्सनने नव्याने मिसळलेल्या आवृत्तीत तो सविस्तर ऐकायला मिळाला. पोर्क्युपाइन ट्रीच्या विल्सनचे आपल्याकडे भरपूर भक्त आहेत. त्यांनी या आवृत्तीपासून सुरुवात करावी.

अल्बम बाहेर आला आणि समीक्षक तुटून पडले. आधी टलचं कौतुक करणाऱ्या ख्रिस वेल्चने 'मेलडी मेकर'मध्ये मंचावरच्या प्रयोगाला झोडपलं, 'रोलिंग स्टोन'नेही झोडपलं. मग त्याहून वाईट घडलं. टीकेला कंटाळून टल मंचावरून निवृत्त होत आहे, अशी बातमी 'मेलडी मेकर'च्या पहिल्या पानावर झळकली. ती दिली होती व्यवस्थापक टेरी एलिसने, आणि बँडला त्याचा पत्ताच नव्हता. अँडरसन संतापला. पण लोकांच्या मनात चित्र पक्कं झालं: टीका सहन न होणारा, फुगलेला बँड. पन्नास वर्षं 'पॅशन प्ले'च्या डोक्यावर संगीताइतकंच या बातमीचंही ओझं आहे, असं माझं ठाम मत आहे.

या सगळ्यात जो माणूस मला सर्वांत जास्त ओढून घेतो तो जेफ्री हॅमंड. ब्लॅकपूलच्या शाळेत अँडरसनचा सोबती. त्यांचा पहिला बँड तिथलाच. पुढे हॅमंड चित्रकला शिकायला निघून गेला आणि अँडरसन त्याच्यावर गाणी लिहीत राहिला. टलच्या पहिल्या तीन अल्बमांत एकेक गाणं असं आहे ज्याच्या नावातच जेफ्री येतो. १९७१च्या आरंभी मित्राने त्याला बँडमध्येच ओढून आणलं. बास वाजवण्याचा सराव त्याला नव्हता. अँडरसनने एकेक ओळ बोटांत बसवून घेतली. ऐका 'ब्रिक'मधला बास! हा माणूस वर्षभरापूर्वी वाद्य हातात घेऊन उभा राहिला, हे खरं वाटत नाही. आई-वडील दोघांच्याही घराण्याचं आडनाव हॅमंड, म्हणून कव्हरवर हॅमंड-हॅमंड असं लिहायचा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सूट, तसल्याच पट्ट्यांचा बास. १९७५च्या अखेरीस, बँड भरात असताना, तो चित्रं काढायला परत गेला. प्रसिद्धी हाताशी असताना असं उठून जाणारे थोडे.

'पॅशन प्ले'च्या ऐन मध्यावर गाणं थांबतं आणि हाच हॅमंड, लहान मुलांना गोष्ट सांगावी तशा सुरात, चष्मा हरवलेल्या सशाची कथा सांगू लागतो. रॉनी पिलग्रिम नावाचा मेलेला माणूस, त्याची अंत्ययात्रा, त्याच्या आयुष्याची त्यालाच दाखवलेली चित्रफीत, स्वर्ग आणि नरकाच्या फेऱ्या, असं सगळं चाललेलं असताना अचानक घुबड, कांगारू आणि ससा! अल्बम वाईट म्हणणारे नव्वद टक्के वेळा इथेच बोट ठेवतात. आमचा कल्याणकर तर कॅसेट तिथे पुढे पळवायचा. मला हा भाग पहिल्यापासून आपला वाटला. तमाशात गण-गौळणीनंतर आणि वगाच्या आधी बतावणी येते. ती कथानकाला धरून नसते, तिच्यात वाक्चातुर्य असतं, प्रेक्षक हसून सैल होतो आणि मग पुढचा वग त्याच्या अंगावर येतो. ज्याने बतावणी पाहिली आहे त्याला सशाची गोष्ट हा रसभंग वाटणार नाही. गोष्ट संपल्यावर मृत्यूनंतरचा प्रवास किती वेगळा, किती अधिक काळोखा ऐकू येतो, हे ती वगळून ऐकणाऱ्यांना कसं कळावं? माझ्या यादीत 'पॅशन प्ले' पहिला आहे, आणि सशासकट आहे. अँडरसनने त्यात बासरीइतकाच सॅक्सोफोन वाजवला आणि पुढे ते वाद्य त्याला नकोसं झालं. पण त्या करकरीत सुरामुळेच तो अल्बम टलच्या दुसऱ्या कशासारखाही वाटत नाही.

आता बासरी. या विषयावर मुंबई-ठाण्याच्या चाहत्याला बोलायचा वेगळा अधिकार आहे, असं मी मानतो, कारण आपल्या कानात पन्नालाल घोष आणि हरिप्रसाद चौरसिया आधीपासून बसलेले असतात. अँडरसन बासरीकडे वळला तो, पुढे मोटरहेडमुळे गाजलेल्या लेमीकडून आलेली गिटार देऊन टाकून. त्याच्यापुढे आदर्श होता अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्कचा. फुंकरीतच गाणं, गुरगुरणं, धापा टाकणं हे तिथून आलं. पाश्चात्त्य बासरीला कळा असतात, बोट थेट छिद्रावर घसरत नाही, त्यामुळे बांबूवर निघते तशी मींड तिच्यावर काढणं फार अवघड. त्यात अँडरसन स्वतः शिकलेला. नव्वदच्या दशकात मुलगी शाळेत बासरी शिकू लागली तेव्हा त्याला कळलं की आपण बोटं चुकीची ठेवत आलो आहोत. पंचवीस वर्षांच्या कीर्तीनंतर त्याने बोटं पहिल्यापासून बसवली. मला या माणसाबद्दल वाटणाऱ्या आदराचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

याच सुमारास, १९९४ साली, टल मुंबईत वाजवून गेला. पुढच्या वर्षी अँडरसनचा 'डिव्हिनिटीज' हा बासरी आणि वाद्यवृंदाचा एकल अल्बम आला. त्यातल्या शेवटच्या रचनेच्या नावात 'टाइम्स ऑफ इंडिया' आहे आणि उपशीर्षक 'बॉम्बे व्हॅलेंटाइन'. त्याच वर्षी टलचा 'रूट्स टू ब्रांचेस' आला. तो ऐकताना मी ताठ बसलो. सुरांना वळण भारतीय आणि अरबी, बासरी पूर्वीपेक्षा स्वच्छ, दाणेदार, तरी धाप तीच. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो मधली जागा शोधतो, कळांच्या वाद्यावर जेवढी सापडेल तेवढी. जगभरच्या क्रमवाऱ्यांत हा अल्बम मधे कुठेतरी ढकललेला असतो, कारण क्रमवाऱ्या करणारे १९७९ला थांबलेले असतात. मला तो 'हेवी हॉर्सेस'च्या बरोबरीचा वाटतो.

टलचं या शहराशी नातं पुढेही राहिलं. २९ नोव्हेंबर २००८ला सतारवादक अनुष्का शंकरसोबत मुंबईत कार्यक्रम ठरला होता. २६ तारखेच्या हल्ल्यामुळे तो पुढे ढकलला गेला आणि ५ डिसेंबरला 'अ बिलियन हँड्स' या नावाने हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी झाला. त्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्याही बँडने इथून काढता पाय घेतला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

कंपूतला वाद मिटलेला नाही. नौपाड्यातले अजून 'ब्रिक'वर ठाम आहेत. पेपर वाचल्यापासून तर अधिकच. कल्याणकराने विल्सनची आवृत्ती ऐकून 'पॅशन प्ले' तळातून उचलून मधे आणला आहे, ससा मात्र त्याला अजून चालत नाही. डोंबिवलीच्या दोघांचं म्हणणं, 'रूट्स टू ब्रांचेस' लांबलाय, एका तासाऐवजी चाळीस मिनिटांचा असता तर विचार केला असता. तो सीडीच्या काळातला अल्बम आहे, सी-नव्वदच्या एका बाजूत मावत नाही. त्यातली कोणती गाणी गाळायची, यावर सध्या जुंपली आहे.